गाडी एकाची, पाय दुसऱ्याचा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक वाक्य वर्षातून पुष्कळदा भेटते. ‘घाटात ब्रेक निकामी झाल्याने पिकअप दरीत कोसळली.’ बातमीदाराला जागा थोडी असते आणि वाचणाराला सवड थोडी असते. आपण ‘अरेरे’ म्हणतो, चहाचा घोट घेतो आणि पुढच्या मथळ्याकडे वळतो. मी मुलांना व्याकरण शिकवणारा माणूस असल्यामुळे माझी नजर त्या वाक्यावर जरा अधिक रेंगाळते. वाक्य शुद्ध आहे. कर्ता आहे, क्रियापद आहे, कारणही दिलेले आहे. तरी त्यात कोणीतरी गैरहजर आहे, असे मला दर वेळी वाटते.

ही गैरहजेरी तशी आपल्या घरातलीच आहे. पेला फोडणारे पोरगे ‘मी पेला फोडला’ असे कधी म्हणत नाही; ‘पेला फुटला’ असे म्हणते. आमटी खारट झाली तर ‘आज मीठ जरा पुढे गेले’ असे आपण ऐकतो आणि मुकाट्याने ताटातला भात वाढवून घेतो. दूध उतू जाते, पत्र लिहायचे राहून जाते, छत्री कुठेतरी विसरते. माणसाने केलेली गोष्ट वस्तूने आपली आपणच केली, असे म्हणण्याची मोठी सोय आपल्या भाषेने करून ठेवली आहे. संसार गोडीने चालायचा तर ही सोय हवीच. आमटीच्या बाबतीत मी तिचा कैवारी आहे. पण ब्रेकच्या बाबतीत ती सोय परवडणारी नाही. एखादा भाग कधी कधी अवचित तुटतो हे खरे. पण बहुधा ब्रेक एका क्षणात निकामी होत नाही. तो महिनोन् महिने निकामी होऊ दिला जातो. हे ‘दिला जातो’ म्हणताना मी पुन्हा माणसाला वगळलेच! त्या वगळलेल्या माणसाचा थोडा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे काय वंगणाचे प्रकरण वाढले, असे म्हणून वाचकांनी रागावू नये. भाऊबीज झाली की अर्धे कोल्हापूर घाट उतरून समुद्र पाहायला जाते. रत्नागिरीकडे जायचे तर आंबा घाट, गगनबावड्यावरून करूळ नाही तर भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा, आजऱ्यावरून आंबोली. कोल्हापूरच्या माणसाला कोकण हवे असेल तर असा कुठला तरी उतार त्याच्या वाट्याला येतोच. आपण हौसेने वर्षातून एकदा उतरतो. भाजीपाला, दूध आणि किराणा रोज रात्री उतरतात. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या त्याच वाटेने वर येतात. पूर्वी हे ओझे मोठे ट्रक वाहत. आता पिकअप आणि ‘छोटा हत्ती’ यांनी त्यातला मोठा वाटा उचलला आहे. गाडी लहान, वळणाला सोयीची आणि कर्जाने घेता येण्याजोगी. तिच्यात माल किती भरावा याचा आकडा कागदावर असतो, आणि माल भरणारा बहुधा त्या कागदाकडे पाहत नाही.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे. बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. दृष्टान्त जुना आहे, पण त्यातली एक गोष्ट आजच्या वाहनाला लागू पडत नाही. सारथ्याचा लगाम त्याच्याच हातात असे. तो कुठे झिजला, कुठे त्याचा दोरा उसवला, हे त्याच्या बोटांना कळे. बैलगाडीचेही तसेच. उतारावर बैल मानेवरच्या जुवाने गाडी थोपवून धरत. बैल थकला की त्याचा श्वास ऐकू येई, त्याचा पाय लटपटलेला दिसे, आणि गाडीवान खाली उतरे. पिकअपच्या चालकाच्या हाती लगाम नाही. त्याच्या पायाखाली एक पेडल आहे, आणि त्या पेडलच्या पलीकडे जे काही आहे ते त्याने बहुधा कधी पाहिलेले नसते.

पलीकडे असते ते असे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर नावाच्या भांड्यातला द्रव दाबला जातो, आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे धावतो. पुढच्या चाकांना बहुधा डिस्क आणि मागच्यांना ड्रम असतात. दाब पोचला की तिथली घर्षणाची पट्टी फिरत्या चाकाला पकडते. बंदिस्त द्रवाला एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेला आहे. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच माणूस १६२३ साली जन्मला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी वारला. द्रवांवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्याच्या नियमावर मोटारीचा ब्रेक चालू लागायला अडीचशे वर्षे जावी लागली. १९१७ साली अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने अशा ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१ साली ड्युसेनबर्ग मोटारीच्या चारी चाकांना तसे ब्रेक बसले. आज पायाच्या एका दाबाने तीन टनांची गाडी थांबते ती या नियमाच्या आधारावर.

मात्र या नियमाला एक अट आहे: नळीत द्रवच असला पाहिजे. द्रव दाबाने आक्रसत नाही, हवा आक्रसते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा दाबून पाहा. दांडा खाली जातो, कारण आतली हवा गोळा होऊन बसते. ब्रेकच्या नळीत असा हवेचा बुडबुडा अडकला, की पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याऐवजी त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्च होतो. पेडल स्पंजासारखे मऊ लागते. हा झाला पहिला शत्रू. तो निदान पायाला जाणवतो.

दुसरा शत्रू पाणी. गॅरेजात ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते खरे म्हणजे तेल नव्हेच. चुकून इंजिनाचे तेल त्यात गेले तर आतली रबरे फुगतात आणि सगळी यंत्रणा बाद होते. हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे झाकण सैल राहिले म्हणजे काय होते ते घरातल्या कोणालाही विचारावे. तोच प्रकार इथे रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या टोपणातून फार हळू घडतो. गगनबावड्याच्या पावसात तर ओलाव्याला काय तोटा! नेहमीच्या डॉट ३ प्रतीचे ताजे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हाच आकडा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ४ प्रतीचे निदान २३० अंशांवरून १५५ पर्यंत येते. चमचाभर पाण्याने एवढा फरक पडतो, आणि पायाला यातले काही कळत नाही. गावातल्या रस्त्यावर ती गाडी उत्तम थांबते. पेडल घट्ट लागते. मालक समाधानी असतो.

खरी परीक्षा उतारावर असते. समजा, माल धरून तीन टनांची पिकअप अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली उतरली. तिला आवरताना जी उष्णता निर्माण होते ती सुमारे पन्नास लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी असते. दिवाळीच्या पहाटे घरातल्या साऱ्यांच्या अभ्यंगस्नानाला पुरून उरेल एवढा हा बंब! यातली काही उष्णता इंजिन सोसते, म्हणून तर जाणते चालक ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरतात. पण उतावळा किंवा दमलेला माणूस सगळा भार ब्रेकवर टाकतो, आणि सारा बंब चाकांपाशी पेटतो. तेल उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ ही हवेसारखीच दबते. आतापर्यंत घट्ट असलेले पेडल एखाद्या वळणावर एकदम तळाला जाते.

याच्यापुढची गोष्ट मला सगळ्यांत अस्वस्थ करते. गाडी थांबली, मग ती कशीही थांबो, की चाके निवतात. वाफेचे पुन्हा पाणी होते. तासाभराने कोणी पेडल दाबून पाहिले तर ते पूर्वीसारखे घट्ट लागते. तेल काढून तपासले तर त्यातले पाणी सापडेल. पण नुसत्या पायाने ते सापडत नाही. मग बातमीतले वाक्य बदलते. ‘चालकाचा ताबा सुटल्याने’ असे छापून येते. आता कर्ता सापडलेला असतो, आणि तो बहुधा उत्तर द्यायला उरलेला नसतो.

हे सगळे टाळण्याचा उपाय साधा आहे. जुने तेल पूर्ण काढून नवे भरायचे आणि नळ्यांतली हवा काढायची. पुष्कळ कंपन्या साधारण दोन वर्षांची मुदत सांगतात. गाडीच्या पुस्तकात ती लिहिलेली असते. शिवाजी उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी मेस्त्री आहे. येताजाता मी त्याच्याकडे टेकतो. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. आता बाकाची जागा मला मिळते आणि तो गाडीखालून मला शिकवतो. त्याच्याकडे हे काम मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

प्रथम तो टाकीतले काळे तेल ओढून घेतो आणि ताजे ओततो. बाटली त्याच वेळी फोडलेली असावी, असा त्याचा कटाक्ष असतो. उघडी राहिलेली बाटलीही ओलावा ओढते. मग मागच्या डाव्या चाकापासून आरंभ करायचा, कारण आपल्याकडच्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो आणि हे चाक त्याच्यापासून सर्वांत लांब. नंतर मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. एखाद्या गाडीच्या पुस्तकात निराळा क्रम दिलेला असला तर तो पाळायचा. चाकामागे एक बारीक निपल असते. त्याला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवून ठेवतात. मेस्त्री पाना घेऊन खाली, आणि हाताखालचा पोरगा वर चालकाच्या जागेवर. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मग त्यांचा सवालजबाब सुरू होतो.

‘मार… मार… मार… धर!’

‘धरलाय!’

खाली पाना फिरतो, नळीतून कोऱ्या चहासारखे तेल फसकन येते, त्यात बुडबुडे नाचतात. पाना परत आवळला जातो.

‘सोड!’

‘सोडला!’

तेल स्वच्छ येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत हे चालते. मध्येच टाकी भरत राहावी लागते. ती रिकामी झाली तर वरून हवा आत शिरते आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. जुने तेल तो एका डब्यात जमवून ठेवतो. ते विषारी असते, आणि इथल्या गटारीत गेलेले शेवटी पंचगंगेला जाऊन मिळते.

या सवालजबाबात पोरग्याच्या ‘धरलाय’ या शब्दावर सगळे अवलंबून असते. निपल उघडे असताना त्याने पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मेस्त्रीला ते दिसत नाही. पाय अवघडला होता, मोबाईल वाजला होता, काहीही झालेले असो. त्याने ‘धरलाय’ म्हटले की मेस्त्रीला ते खरे धरावे लागते. आता एकट्याने हे काम करता येईल अशी यंत्रे आली आहेत. ज्या गाड्यांना एबीएस आहे त्यांच्या झडपांत अडकलेली हवा काढायला कधी कधी संगणक जोडावा लागतो. त्यामुळे काम सुधारले यात शंका नाही. पण संगणक जोडला की नाही, हे गाडी घेऊन जाणाराला कुठे दिसते? शेवटी कोणाच्या तरी ‘केलंय’ या शब्दावरच तो गाडी घाटात घालतो.

एके दिवशी मी तिथे असताना एक मालक आले. त्यांच्या चार पिकअप. त्यांतली एक तिथे उभी होती. मेस्त्रीने टोपण काढून दाखवले.

‘मालक, तेल काळं पडलंय. समदं काढून नवं भरूया. दीड-दोन तास लागतील.’

‘दोन तास? भाजी भरून रात्री मालवणला जायाची हाय. वरनं थोडं टाक आन् सोड.’

‘वरनं टाकून चालायचं न्हाई. घाटाची गाडी हाय.’

‘गाडी माझी हाय का तुझी?’

‘गाडी तुमचीच हाय, मालक. पर पाय दुसऱ्याचा हाय न्हवं!’

मालकांना हे बोलणे रुचले नाही. त्यांनी गाडी बाहेर काढायला सांगितले. ती अडवून ठेवण्याचा अधिकार मेस्त्रीला नव्हता. त्याने दोनच गोष्टी केल्या. बाकीच्या कामाच्या पावतीवर ‘ब्रेकचे तेल बदललेले नाही’ असे लिहिले, आणि चालकाला बाजूला घेऊन सांगितले, ‘दुसऱ्या गिअरात उतर. मधी मधी थांबून चाकं निवू दे. पेडल खाली गेलं तर घाबरू नको, भराभर पंप मार, गिअर खाली घे, हँडब्रेक हळू हळू वढ.’ चालक विशी-बाविशीचा. तो म्हणाला, ‘मालक म्हणत्यात तर जायालाच पायजे.’ त्याचेही खोटे नव्हते.

यापुढे काहीतरी भयंकर घडले असेल, अशी वाचकाची अपेक्षा असेल. तसे काही घडले नाही. दुसऱ्या दिवशी ती गाडी सुखरूप परत आली. मालक सगळ्यांना सांगत सुटले, ‘बगा, काय झालं का?’ आणि आपल्या चारही गाड्या त्यांनी दुसऱ्या गॅरेजला लावल्या. मेस्त्रीचे बांधलेले गिऱ्हाईक गेले. ज्याने कर्तव्य केले त्याचे नुकसान झाले, आणि ज्याने हयगय केली तो शहाणा ठरला.

मला वाटते, नीतीचा खरा अवघड प्रश्न अशाच ठिकाणी उभा राहतो. अपघात झाला असता तर मालक दोषी, हे शाळेतले पोरही सांगेल. अपघात झाला नाही. मग मालक निर्दोष होतो काय?

थॉमस नेगेल या अमेरिकेतल्या तत्त्वज्ञाने १९७६ साली याच प्रश्नाचा ऊहापोह केला, आणि त्याने घेतलेले उदाहरण नेमके ब्रेकचेच आहे. एका ट्रकचालकाने बरेच दिवस ब्रेक तपासून घेतले नाहीत. एक मूल आडवे येते, ब्रेक पुरा पडत नाही, मूल दगावते. हा चालक जन्मभर स्वतःला त्या मुलाचा मारेकरी समजेल. दुसऱ्या चालकाने तेवढीच हयगय केली, पण त्याच्या वाटेत मूल आलेच नाही. त्याला फार तर थोडी चुटपुट लागेल. दोघांची हयगय तीळमात्र कमीजास्त नाही. फरक दैवाने केला. तरी आपण एकाला गुन्हेगार म्हणतो आणि दुसऱ्याला काहीच म्हणत नाही. नेगेलने हे कोडे मांडले. आपल्या मनाचा हा व्यवहार तर्काला धरून नाही आणि तो सोडवतही नाही, हे त्याने दाखवले.

नेगेलच्या उदाहरणात हयगय करणारा आणि पश्चात्ताप करणारा माणूस एकच आहे. आपल्या घाटात तसे नसते. गाडी एकाची, पाना दुसऱ्याच्या हातात, पाय तिसऱ्याचा. आणि वळणावर रस्त्याच्या कडेने चालणारी मोळीवाली चौथीच. ज्याने वेळ वाचवला त्याचा जीव धोक्यात नाही, आणि ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला काय वाचवले हे ठाऊक नाही. अशा वेळी ‘काही झाले नाही’ याचा अर्थ एवढाच, की दुसऱ्याच्या जिवावर लावलेली पैज मालकाने एकदा जिंकली. ज्या पास्कलच्या नियमावर ब्रेक चालतो, त्यानेच ईश्वराच्या अस्तित्वाबद्दलची एक प्रसिद्ध पैज मांडली आहे. ती पटो न पटो, त्या पैजेत माणूस डावावर लावतो ते स्वतःचेच आयुष्य. परक्याचे आयुष्य लावून खेळायला निदान त्या परक्याची परवानगी तरी हवी. त्या बाविशीतल्या पोराला कोणी ती विचारली होती?

म्हणून मला असे वाटते, की कामाचा बरेवाईटपणा गाडी परत आल्यावर ठरत नाही. ती गॅरेजातून बाहेर पडली तेव्हाच तो ठरलेला असतो. मालकांची हयगय त्या दुपारी पूर्ण झाली होती. पुढची रात्र दैवाची होती.

मग मेस्त्री बांधील कोणाला? पैसे देणाराला, असे व्यवहार सांगतो. शिंप्याच्या बाबतीत ते ठीक आहे. मला बाही आखूड हवी असेल तर शिंप्याने आखूड शिवावी. दंड माझा आहे. पण ज्या कामावर परक्याचा भार पडणार, त्या कामात पैसे देणाराची मर्जी एका रेषेपर्यंतच चालते. त्याने वेळ ठरवावी, दर ठरवावा, काम दुसऱ्याला द्यावे. ‘अर्धे काम कर आणि पुरे झाले म्हण’ असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही. पूल बांधणारा, औषधाची पुडी बांधणारा, विहिरीवर रहाट बसवणारा, हे सारे याच पंगतीतले. आम्ही मास्तरही त्याच पंगतीत आहोत. फी बाप भरतो, पण वर्गात बसतो तो मुलगा. अपूर्णांक न कळलेल्या मुलाला बापाच्या समाधानासाठी वरच्या वर्गात ढकलले, तर सपाट रस्त्यावर काही दिसत नाही. पाच-सात वर्षांनी त्याच्या आयुष्यात घाट येतो, आणि तेव्हा कोणत्या मास्तराने काय केले, याचा पुरावा निवून गेलेला असतो.

इथे कोणी म्हणेल, पगारी मास्तराला हे सांगणे सोपे आहे. चार गाड्या गेल्या त्या मेस्त्रीच्या. हा आक्षेप मला मान्य आहे. प्रामाणिकपणाची सगळी किंमत एकट्या मेस्त्रीने भरावी, असे म्हणणारा समाज स्वतः काही भरत नाही. पोट त्यालाही आहे. त्याने नाही म्हटले तर हो म्हणणारा दुसरा कोणी सापडतोच. मालकांनाही मी राक्षस मानत नाही. त्यांच्या डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, भाजी नासणारी आहे, आणि पहाटे बाजारात उशिरा पोचलेल्या कोबीला कोणी भाव देत नाही. तो कोबी मंडईत आणखी दोन रुपये उतरवून मागणारे तुम्ही-आम्हीच. बंदिस्त नळीत एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचतो, हे पास्कलने सांगून ठेवले आहे. आपली घाई, आपली घासाघीस मालकाच्या हिशेबातून आणि मेस्त्रीच्या दोन तासांतून वाट काढत शेवटी त्या पोराच्या तळपायाखाली जाऊन पोचते. ‘ब्रेक निकामी झाला’ या वाक्यात गैरहजर असलेल्यांची हजेरी घ्यायला बसलो तर पट बराच लांबतो.

असे असले तरी, सगळेच थोडे थोडे दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष काढता येणार नाही. त्या मेस्त्रीने काढला नाही. गाडी अडवणे त्याच्या हातात नव्हते. पावतीवर खरे लिहिणे आणि ज्याचा पाय होता त्याला सावध करणे त्याच्या हातात होते. तेवढे त्याने केले. नीतीच्या मोठ्या ग्रंथांत याहून फार निराळे काही असेल असे मला वाटत नाही. आपल्या हातात काय आहे ते पाहावे, आणि ते तरी पुरे करावे. गिऱ्हाईक गेल्याचे दुःख त्याला झाले का, असे मी पुढे एकदा विचारले. तो म्हणाला, ‘झालं की, सर. पोराची फी भरायची हुती. पर रातच्याला झोप लागली.’

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. उद्यमनगरातली यंत्रे त्या दिवशी धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालून बसतात. गाड्यांना हार पडतो, पुढे नारळ फुटतो, चाकाखाली लिंबू चिरडते, बंपरला मिरच्या-लिंबाची जुडी लटकते. या रूढीची मी थट्टा करणार नाही. आपल्या जिवाचे ओझे वाहणाऱ्या वस्तूपुढे हात जोडावेसे वाटणे, ही चांगलीच भावना आहे. एवढेच म्हणतो, की ज्या देवाला हार घातला त्याच्या पोटात तीन वर्षांचे काळे पाणी असू नये. हाराचे आणि पेढ्यांचे पैसे आपण मोजत नाही. ब्रेकच्या तेलाच्या काहीशे रुपयांवर मात्र घासाघीस करतो, कारण तेल दिसत नाही आणि हार दिसतो.

तेव्हा या दिवाळीत कोकणात उतरणार असाल तर स्वतःच्या गाडीचे पुस्तक उघडून तारीख पाहा. गाडी भाड्याची असेल तर चालकाला सरळ विचारा, ‘दादा, ब्रेकचे तेल शेवटचे केव्हा बदलले?’ तो बहुधा चकित होईल, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसेल. त्याला उत्तर ठाऊक नसले तर त्याने मालकाला फोन लावावा, आणि तो लावेपर्यंत आपण थांबावे. काम करून घ्यायचे ठरले तर मेस्त्रीला त्याचे दोन तास द्यावेत आणि मजुरीवर हुज्जत घालू नये. मुले चुळबुळ करतील. त्यांना चकल्यांचा डबा उघडून द्यावा. निघायला उशीर होईल, पण मालवणचा समुद्र कुठे जात नाही.